ओली चकती

लॅबमध्ये सगळे ज्याला टापटीप म्हणत, त्या टेक्निशियनने चिमट्यात धरलेली चकती दोनदा झटकली, खिडकीच्या उजेडात धरून नाक मुरडलं आणि पिवळ्या पिशवीच्या डब्यात टाकून दिली. मग फ्रिजमधून कुपी काढली, तिच्यातून एक कोरडी, करकरीत चकती उचलली आणि प्लेटच्या बरोब्बर मधोमध ठेवून चिमट्याच्या टोकाने हलकेच दाबली. प्लेट किती छान दिसते ते लांबून बघायला म्हणून तो एक पाऊल मागे सरकला, आणि मागे उभ्या असलेल्या डॉक्टरणीच्या पायावर त्याचा पाय पडला.

"सॉरी मॅडम."

डॉक्टरणीचं पायाकडे लक्ष नव्हतं. ती डब्याकडे बघत होती.

"आत्ता काय टाकलंत?"

"चकती."

"कुठली?"

"नळीतली. ओली झाली होती."

"ओली होणारच ना. चार तास नळीत बुडवून ठेवली होती आपण."

"तेच म्हणतो मी." आपलं दुःख कुणाला तरी समजलं, असं टापटीपला वाटलं. "चार तासांत पार लिबलिबीत होते. तशीच लावली की प्लेटवर ओघळ येतात. मग मी नवी लावतो."

"नेहमी?"

"हे काम माझ्याकडे आल्यापासून. आधीच्या माणसाच्या प्लेटा पाहिल्यात मी. शेंबड्या पोराचं नाक बरं."

डॉक्टरणीने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. लॅबमध्ये चहा आणायचा नाही, हा तिचाच नियम होता, आणि तो मोडल्याबद्दल टापटीप तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने बघायला लागला. ती स्टुलावर बसली.

तपासणी तशी साधी आहे, आणि थोडी खोडकरही. मेरोपेनेम नावाचं एक औषध आहे, कार्बापेनेमच्या घराण्यातलं. बाकी औषधांनी हात टेकले की डॉक्टर लोक हे बाहेर काढतात. काही जंतू मात्र असे बेरकी निघतात की ते या औषधालाच कुरतडणारं एन्झाइम तयार करतात. एखादा जंतू त्यातला आहे का, हे ओळखायचं तर त्याला नळीतल्या पोषक पाण्यात सोडायचं आणि सोबत औषधात भिजवून वाळवलेली कागदाची इवलीशी चकती टाकायची. चार तास दोघांना एकत्र कोंडायचं. मग ती चकती बाहेर काढून दुसऱ्याच एका प्लेटवर ठेवायची. या प्लेटवर एक गरीब, आज्ञाधारक जंतू पसरलेला असतो, जो या औषधाच्या वासानेही मरतो. चकतीत औषध उरलं असेल तर गरीब जंतू चकतीभोवती मरतो आणि सकाळपर्यंत छान मोठं रिकामं वर्तुळ दिसतं. नळीतल्या लबाडाने औषध आधीच खाऊन टाकलं असेल, तर गरीब जंतू खुशाल चकतीला खेटून वाढतो. वर्तुळ आलं तर सुटलो. नाही आलं तर देवाची करणी.

टापटीप भिजलेली चकती फेकून नवी लावत होता. म्हणजे आरोपीला चार तास कोठडीत डांबायचं, एक प्रश्न न विचारता मागच्या दाराने सोडायचं, आणि कोर्टात त्याच्या जागी एखाद्या सज्जन शिक्षकाला उभं करायचं. निकाल दर वेळी एकच. निर्दोष.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलं नवी लावायला?"

टापटीपने फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे प्लॅस्टिकच्या कव्हरात, चारही कोपरे सारखे चिकटवलेला एक कागद होता. *ओली चकती कदापि वापरू नये.* खाली सही डॉक्टरणीची.

"ते दुसऱ्या तपासणीसाठी आहे. रोजच्या. त्यात चकती कोरडीच लागते."

"तसं त्यावर लिहिलेलं नाही, मॅडम," टापटीप म्हणाला. त्याच्या आवाजात खोच नव्हती. तो खरंच पुन्हा एकदा जवळ जाऊन वाचून आला.

टापटीपकडे हे काम आल्यापासून हॉस्पिटलात तसला एकही जंतू सापडला नव्हता. मोठ्या साहेबांनी 'शून्य' असं लिहिलेला बॅनर लिफ्टपाशी लावला होता. बॅनर एवढा मोठा की लिफ्टचं बटण त्या शून्याच्या पोटात आलं होतं. कुठल्याशा परिषदेने या शून्यासाठी हॉस्पिटलला ढाल जाहीर केली होती आणि परवा संध्याकाळी ती मिळणार होती. डॉक्टरणीला कधी शंका आली नव्हती, असं नाही. यायची, आणि चहा येईपर्यंत टिकायची.

खरं तर शंका फेडायची सोय असते. प्रत्येक खेपेला संशयितांच्या सोबत एक खात्रीचा गुन्हेगार तपासायचा. त्याच्याभोवती वर्तुळ आलं की समजायचं, तपासणीच गंडली. हा खात्रीचा जंतू बाहेरून मागवावा लागतो. जुना संपला तेव्हा तिने खरेदी समितीकडे नवा मागितला. समितीतले एक सद्गृहस्थ चष्मा काढून म्हणाले होते, "जंतू? विकत? अहो, हॉस्पिटल आहे हे. आपल्याकडे काय कमी आहेत?" सगळे हसले होते. डॉक्टरीणही हसली होती. मग तो विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढची बैठक बॅनरच्या रंगावर झाली.

"मॅडम," टापटीप हळूच म्हणाला, "म्हणजे आतापर्यंतचे सगळे..."

"आधी एक नवी नळी घ्या."

"कुणाची?"

"आयसीयू. कोपऱ्यातला बेड."

टापटीपने हातमोजे बदलले. कोपऱ्यातल्या बेडवर कोण आहे हे अख्ख्या लॅबला माहीत होतं. तिथे मॅडमचा मामा होता.

*

मामा बसमध्ये कंडक्टर होता. डॉक्टरणीची आई लवकर गेली आणि वडिलांनी दुसरा संसार थाटला, तेव्हा मामाने तिला आपल्याकडे आणलं. स्वतः लग्न करायचं राहून गेलं, की केलं नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, जागा नव्हती, उभं राहून संसार होत नाही. तिच्या कॉलेजसमोर थांबा नव्हता. मामा तरी तिथे घंटी मारायचा आणि ड्रायव्हर ओरडला की म्हणायचा, कुणाची तरी चप्पल पडलीय रे, थांब जरा. ती डॉक्टर होईपर्यंत त्या एका ठिकाणी इतक्या चपला पडल्या की दुकान निघालं असतं.

आता प्रोस्टेटचं साधं ऑपरेशन झालं, आणि घरी जायच्या दिवशी थंडी वाजून ताप आला. रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. मेरोपेनेमपुढे तो धड मरत नव्हता, धड तगत नव्हता. अशा वेळी सगळं त्या वर्तुळावर ठरतं. लबाड एन्झाइम नसेल तर मेरोपेनेमचाच डोस वाढवून जंतूला नमवता येतं. असेल तर ते सलाइन म्हणजे नुसतं पाणी.

वर्तुळ आलं होतं, चांगलं ऐसपैस. रिपोर्टवर डॉक्टरणीने सही केली होती, आणि डोस वाढवला होता.

ती आयसीयूत पोचली तेव्हा मामा छताकडे बघत पडला होता. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं.

"आलीस, ठमे? बस. जागा आहे."

"कसं वाटतंय?"

"ताप म्हणजे फुकटा प्रवासी झालाय. उतरतच नाही. बेल मारून मारून हात दुखला." त्याने बोटाला लावलेलं यंत्र उचलून दाखवलं. "पण तू काळजी करू नको. तुझं ते वर्तुळ झकास आलंय म्हणालीस ना? मी त्या पलीकडच्या आजींनाही सांगितलं. त्यांचंही झकासच आलंय म्हणे."

डॉक्टरणीने पलीकडे पाहिलं. आजी डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या सलाइनच्या बाटलीवरही तेच औषध होतं.

"पाणी देऊ?"

"घोटभर दे. इथली सिस्टर मोजून देते. मी तिला म्हटलं, बाई, मी आयुष्यभर सुट्टे पैसे मोजले, पण पाणी कधी मोजलं नाही."

तिने चमच्याने पाणी दिलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं आणि तिने ते स्वतःच्या रुमालाने टिपलं. मग आयसीयूच्या डॉक्टरला बाजूला घेतलं.

"मेरोपेनेम बंद करा. कोलिस्टिन सुरू करा."

"रिपोर्ट बदलला?"

"बदलेल. उद्या सकाळी."

आयसीयूचा डॉक्टर तरुण होता आणि झोपेला पारखा झाला होता. त्याने मान खाजवली. "मॅडम, मी आत्ता देईन हो. पण फार्मसी देणार नाही. तुमचाच नियम आहे ना."

नियम तिचाच होता. कोलिस्टिन हे जुनं, किडनी खाणारं औषध; पण बाकी सगळी कपाटं रिकामी झाली की तेवढंच उरतं. लोक ते उठसूट वापरायला लागले, तर जंतू त्यालाही शिकून घेतील म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने समितीत टेबल बडवून परिपत्रक काढायला लावलं होतं. एन्झाइमची तपासणी पॉझिटिव्ह असल्याशिवाय कोलिस्टिन कुणालाही मिळणार नाही. कुणालाही, या शब्दाखाली तिने रेघ मारली होती. तेव्हा ती स्वतःवर खूश होती.

तिने फार्मसीला फोन लावला.

"मॅडम, परिपत्रक माझ्यासमोरच आहे," फार्मासिस्ट म्हणाला. "वाचून दाखवू? 'कोणत्याही दबावाला बळी न पडता...'"

"मला पाठ आहे. मीच लिहिलंय."

"फार सुंदर लिहिलंय. सवलतीचं कलमही आहे. समितीच्या अध्यक्षांनी शिफारस करायची आणि मोठ्या साहेबांनी सही."

"अध्यक्ष मी आहे."

"मग अर्धं काम झालंच की. साहेबांची सही तेवढी आणा."

*

मोठे साहेब आपल्या केबिनमध्ये कँटीनचा ट्रे दोन्ही हातांत धरून उभे होते. समोर फोटोग्राफर एक डोळा मिटून बघत होता.

"या, या. ढाल अजून आलेली नाही, म्हणून ट्रे धरलाय. ढाल छातीशी धरलेली बरी दिसते की पोटाशी?"

"साहेब, शून्य खरं नाही."

साहेबांनी ट्रे खाली घेतला नाही. फोटोग्राफरला मात्र डोळ्यानेच बाहेर जायला सांगितलं. डॉक्टरणीने सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चकतीचं ऐकताना त्यांना एकदा हसू आलं, ते त्यांनी ट्रेमागे लपवलं.

"म्हणजे नक्की काय, ते उद्या कळणार?"

"प्लेटवर जंतू वाढायला रात्र जाते."

"मग आज तुम्हाला नक्की माहीत नाही. पुराव्याशिवाय बोलू नये, असं तुम्हीच व्याख्यानात सांगता. मी पहिल्या रांगेत होतो."

"आज रात्री चुकीचं औषध जाईल त्याला."

"कुणाला?"

"माझा मामा आहे वर."

"अरे." साहेबांनी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "मग तर मी सही करणंच बरोबर नाही. परका पेशंट असता तर एक वेळ केलीही असती. घरच्या माणसासाठी नियम वाकवला म्हणून उद्या बोट तुमच्याकडेच वळेल. तुमच्या भल्याचं सांगतो. आणि उद्या काही आलंच, तर मामांचं औषध बदला, कोण नाही म्हणतंय? बाकीचं परवाच्या समारंभानंतर निवांत बोलू. तोवर या कानाचं त्या कानाला नको."

एकेक वाक्य सुटं धरलं तर त्यात चूक काढता येत नव्हती. डॉक्टरीण दारापर्यंत गेली तेव्हा साहेबांनी मागून विचारलं, "छातीशीच ना?"

*

संध्याकाळी टापटीपने मामाच्या जंतूच्या नळीतून चकती काढली. ती लोळागोळा झाली होती. चिमट्याला चिकटून बसली, सुटता सुटेना, आणि शेवटी प्लेटच्या मध्यापासून बोटभर बाजूला पडली. तिच्यातून एक ओघळ निघून कडेपर्यंत गेला. टापटीपचा हात सरळ करायला पुढे झाला आणि तसाच हवेत थांबला.

"राहू दे," डॉक्टरीण म्हणाली. "सुंदर आहे."

शेजारी दुसरी प्लेट होती. एन्झाइम कुठल्या जातीचं, ते त्या प्लेटवरून कळतं. आणि रॅकमध्ये आजच्या बाकी पेशंटच्या नळ्या होत्या, सगळ्या आयसीयूतल्या. त्यांच्याही ओल्या चकत्या दोघांनी एकेक करून लावल्या. तीही प्लेट वेडीवाकडी, तीही. टापटीप प्रत्येक ओघळाकडे असा बघत होता, जणू कुणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर हात पुसतंय.

"मॅडम, मला काढून टाकतील का?"

"तुम्हाला का? कागदावर माझी सही आहे."

"पण चकत्या मी फेकल्या."

प्लेटा जंतू वाढवायच्या उबदार कपाटात ठेवून तिने दार लावून घेतलं. आता कुणी काही करू शकत नव्हतं. साहेब असोत, समिती असो की परिषद, जंतू आपल्या वेळेनेच वाढणार होते.

सकाळी ती आली तेव्हा टापटीप कपाटासमोर उभा होता. दाराला त्याने हात लावला नव्हता.

"तुम्हीच काढा, मॅडम."

तिने पहिली प्लेट उजेडात धरली. आपण काय मागतोय, हेच तिला कळत नव्हतं. वर्तुळ आलं असेल तर मामा वाचेल. पण वर्तुळ आलं तर फार्मसी औषध देणार नाही, आणि ताप तर उतरत नव्हता. म्हणजे वर्तुळ आलेलं नको होतं. म्हणजे यायला हवं होतं.

आलं नव्हतं. गरीब जंतू कडेपासून चकतीपर्यंत दाट उगवला होता. हिरवळीत कुणाच्या शर्टाचं बटण पडून राहावं, तशी चकती त्यात बसली होती.

दुसऱ्या प्लेटने उरलेलं सांगितलं. एन्झाइम जस्ताच्या जोरावर चालणाऱ्या जातीचं होतं. बाजारात आलेलं नवं महागडं इंजेक्शनही त्याच्यापुढे एकटं टिकत नाही आणि जोडीला लागणारं औषध या हॉस्पिटलात नव्हतं. म्हणजे कोलिस्टिनच.

"सापडला," ती म्हणाली. आपण हसलो, हे तिला टापटीपच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाकीच्या प्लेटा टापटीपने एकेक पुढे सरकवल्या. हिरवळ. हिरवळ. एकीवर वर्तुळ होतं. मग पुन्हा हिरवळ. पलीकडच्या आजींची प्लेट त्यातच होती.

*

रिपोर्टवर तिने तज्ज्ञ म्हणून सही केली. फार्मसीच्या मागणीवर समितीची अध्यक्ष म्हणून सही केली. फार्मासिस्टने खिडकीतून कुप्या दिल्या आणि म्हणाला, "बघा मॅडम, नियमाने गेलं की कसं होऊन जातं."

आयसीयूच्या डॉक्टरने रिपोर्ट वाचला आणि मग आजच्या रक्ताचे आकडे तिच्यापुढे धरले. त्यात वाचण्यासारखं फार नव्हतं.

"किडनीने रात्रीतून मान टाकलीय. आता कोलिस्टिन दिलं तर आहे तेवढीही जाऊ शकते."

"आणि नाही दिलं तर?"

त्याने पेनाची टोपी काढली आणि घातली.

"काल दिलं असतं तर?"

"मॅडम," तो म्हणाला, "संमती लागेल. नातेवाइकाची."

कागद घेऊन आलेली सिस्टर नवी होती. तिने खुर्ची ओढून घेतली. "वाचून दाखवावं लागतं मॅडम, राग मानू नका. 'या औषधाचे धोके मला तज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्या भाषेत समजावून सांगितले आहेत.' तज्ज्ञ डॉक्टर कोण लिहू?"

"माझं नाव लिहा."

"बरं. आणि समजावलं कुणाला? नातेवाईक?"

"मीच. भाची."

सिस्टरचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्ही तुम्हाला समजावलंत?"

"हो."

तिने लिहिलं. कागदावरचा पुढचा प्रश्न होता, म्हणून तिने तोही विचारला. "समजलं का?"

"समजलं."

"शंका काही?"

डॉक्टरणीने हात पुढे करून पेन मागितलं.

*

मामाच्या बेडभोवती आता पडदा ओढला होता. आत जायचं तर गाऊन, हातमोजे, टोपी, मास्क. ती आत शिरली तेव्हा मामाने डोळे किलकिले केले. ओळखायला त्याला वेळ लागला.

"काय गं ठमे? चंद्रावर निघालीस?"

"नियम आहे."

"तुझाच असणार."

सिस्टरने जुनी बाटली उतरवली, नवी टांगली, थेंबांचा वेग लावला आणि पडद्याबाहेर गेली. मामा थेंबांकडे बघत राहिला. त्याचा आवाज कालच्यापेक्षा खाली गेला होता.

"बदललं औषध?"

"हो."

"का? आधीचं चांगलं होतं म्हणालीस."

डॉक्टरणीने नळीचा एक पीळ सोडवला. नळीला तेवढा एकच पीळ होता.

"चालत नव्हतं, मामा. रिपोर्ट चुकला होता."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा ते कळलं गं. चुकला कुणाचा?"

पलीकडे कुठलंसं यंत्र टुणटुणत होतं. कुणीतरी जाऊन ते बंद केलं.

"माझा," ती म्हणाली.

मामाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मास्क आणि टोपीच्या मधे जेवढी ती दिसत होती, तेवढ्याकडे. मग त्याने बोटाने तिला खाली वाकायला सांगितलं. ती वाकली.

"किती जणांना ठाऊक आहे?"

"लॅबमधल्या एकाला. साहेबांना. इथल्या डॉक्टरला थोडंफार."

"माझ्या एकट्याचाच चुकलाय?"

तिने मान हलवली. नाही अशी.

मामाच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. पलीकडच्या आजींच्या दिशेने त्याचे डोळे गेले आणि पडद्याला अडून परत आले.

"मग गप्प राहा," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस. नोकरी जाईल तुझी."

"मामा."

"ऐक. मी कुणाला सांगणार नाही. कुणी विचारलं तर म्हणेन, माझंच अंग नाठाळ, औषध लागू पडत नाही. म्हातारी माणसं तशी असतातच. कुणाला खोटं वाटणार नाही." त्याला दम लागला. तो थांबला, श्वास गोळा केला. "एवढं शिकवलंय ते असं घालवायला नाही."

मोज्यातल्या हाताने तिने त्याचा हात धरला. रबरातून त्याचा ताप कळत होता, पण कातडी कळत नव्हती.

"जा आता," मामा म्हणाला. "बाहेर लोक ताटकळले असतील. त्यांच्याशी गोड बोल. नुसतं गोड बोललं तरी पुष्कळ असतं लोकांना."

तिने मोजे काढले, गाऊन काढला, टोपी काढली, पिवळ्या पिशवीत टाकलं. बेसिनपाशी हात धुतले. धुऊन झाल्यावरही नळ वाहत ठेवून ती तशीच उभी राहिली. मग नळ बंद केला आणि आयसीयूचं जड दार खांद्याने ढकललं.

बाहेरच्या बाकावर एक बाई थर्मासच्या झाकणात कुणाला तरी चहा ओतत होती. एक म्हातारा भिंतीला डोकं टेकून पेंगत होता. आजींचा मुलगा फोन चार्जिंगला लावून प्लगपाशी उकिडवा बसला होता. पांढरा कोट दारात दिसला, तशी बाईने थर्मास खाली ठेवला, म्हाताऱ्याला कोपर मारून जागं केलं, आणि सगळे तिच्याकडे बघत उठून उभे राहिले.